डावखुरी गाठ

गाडी रात्रभरात मरायची,
सकाळी किल्लीला नुसती खोकायची.
खाली थेंब नाही, वास नाही.
टाकी आणि इंजिन यांच्यामधे कुठेतरी
डिझेल बाहेर पडत नव्हतं,
हवा आत शिरत होती.
असल्या गळतीला नाक लावून भागत नाही.

म्हणून मी, माशांच्या खोक्याचा पुठ्ठा अंगाखाली घालून,
सांडोयच्या धक्क्यावरच्या शेडमध्ये उताणी.
आमच्या बेटांवर गंज वरून येतो, खालून येतो,
वारा असेल तर आडवाही येतो,
आणि वारा असतोच.
नळी बोटाने दाबली तर पापुद्रे सुटले
वाऱ्यावर सुकलेल्या कॉडच्या कातडीसारखे,
थेट माझ्या डोळ्यात.

टाकीकडचा नट फिरेना.
तेल, थांबणं, हलकी ठोक, एक शिवी,
पुन्हा तेल.
फिरला तेव्हा नळीलाच पिळून घेऊन फिरला.
गंजलेल्या वस्तू एकट्या सुटत नाहीत.

आणि मग मागच्या आसाच्या वर,
जिथे हात पोचतो पण नजर पोचत नाही,
बोटांना काहीतरी मऊ लागलं.
रबराचा तुकडा, ट्रॉलरवरच्या होजचा.
दोन टोकांना दोन क्लॅम्प.
वर, क्लॅम्पवर भरवसा नसल्यासारखी,
जाळ्याची हिरवी दोरी. नऊ वेढे, एक गाठ.

विजेरी दातात धरून पाहिलं.
गाठ उलटी होती.

गावात डावखुरे तिघे.
एक अजून पाळण्यात आहे.
एक चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, तिला पाना माहीत नाही.
तिसरा रोई, माझा भाऊ,
ज्याने ही गाडी विकताना
आईच्या टेबलावर हात आपटून सांगितलं होतं:
हिच्या पोटाला कधी कुणी हात लावलेला नाही.

आम्ही सहा वर्षं बोलत नाही.
गाडीवरून नाही, मेंढ्यांवरून.
पाच मेंढ्या. खरं तर साडेचार,
एक लंगडी होती.

लबाड, मी नळीला म्हटलं.
पण हिशेब केला तर त्या लबाडीने
अकरा हिवाळे काढले होते.
मुलांना तेवढे दिवस शाळेत पोचवलं,
मला रात्रपाळीला,
आणि एकदा बाबांना, बर्फ पडत असताना, बोटीपर्यंत.

कातरी लावणार होते.
का कोण जाणे, नखाने सोडवायला घेतली.
उजव्या हाताला दाद देईना,
ओढावी तशी आवळत गेली.
डोळे मिटले, डावा हात लावला.
माझा डावा हात, जो आयुष्यभर
फक्त बरणी धरायला ठेवलेला,
त्याने दोन खेपा चुकून
तिसऱ्या खेपेला ती उलगडली.

मापाला तीच दोरी घेतली.
आसावरून, कंसाखालून, चौकटीच्या आतून
जुन्या नळीची वाट तिने नीट सांगितली,
वीतभर उरलीसुद्धा.
नवी नळी तांब्या-निकेलची, आठ मिलिमीटर.
कॉफीच्या डब्याभोवती वाकवली,
कापलेल्या तोंडाची धार कानशीने मारली,
टोकांना कडं उठवलं, नवे क्लॅम्प.
जिथे घासणार तिथे रबर घातलं.
त्याने घातलं नव्हतं. एवढं मी नोंदवून ठेवते.

फिल्टरवरचा हातपंप दाबत बसले.
आधी पोकळ, पोकळ, पोकळ.
पारदर्शक नळीतून बुडबुडे गेले,
मोठे, मग मोहरीएवढे, मग दोन,
मग बराच वेळ एकही नाही
आणि पंप तळव्याखाली घट्ट झाला.

पहिल्या किल्लीला सुरू.

धक्क्यावरून घरी यायला दोन रस्ते आहेत.
मी वरचा घेतला, जो लांब पडतो
आणि रोईच्या खिडकीखालून जातो.
त्याला या इंजिनचा आवाज पाठ आहे,
कुठे धाप लागायची तेही.
आज चढावर धाप लागली नाही.

पडदा हलला की वारा होता, सांगता येत नाही.
दुसऱ्या गिअरमध्येच ठेवली,
पूर्ण चढभर.